रॉथच्या कप्प्यातले साल

एक मार्चला, शुक्रवारी, माझ्या टपालपेटीत अठरा हजार चारशे बारा डॉलर साठ सेंट येऊन पडले आणि त्या क्षणापासून माझी मनःशांती गेली. ती आधीही फारशी नव्हती. पण जी काही होती ती माझ्या सवयीची होती.

चेक पांढऱ्या लिफाफ्यात होता. अशा लिफाफ्याला कागदाची एक पारदर्शक खिडकी असते आणि तिच्यातून आपलेच नाव आपल्याकडे पाहत असते. मला त्या नजरेची फार भीती वाटते. माणसे रागावली की त्यांची समजूत काढता येते, कुत्री भुंकली की थांबता येते. खिडकीच्या लिफाफ्यापुढे मात्र माणसाला काहीच करता येत नाही. मी तो उघडण्यापूर्वी हात धुतले. का धुतले ते मला आजही सांगता येणार नाही.

आमच्याकडे म्हातारपणासाठी पगारातून पैसे बाजूला ठेवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात पैसे आधी ठेवायचे आणि त्यांच्यावरचा कर म्हातारपणी, पैसे काढताना भरायचा. दुसऱ्यात कर आज भरून मोकळे व्हायचे, उरलेले पैसे ठेवायचे, आणि पुढे मुद्दल व वाढ दोन्ही बिनकराची मिळतील या वचनावर विसंबायचे. या दुसऱ्या प्रकाराला रॉथ म्हणतात. पहिला मार्ग आशावादी लोकांचा आहे. ज्याला कोणाचे देणे डोक्यावर असताना घास गिळवत नाही त्याच्यासाठी दुसरा. मी अर्थातच रॉथ निवडला होता. त्यातही सर्वांत सावकाश वाढणारा फंड निवडला होता. चार वर्षांत तो इतका संकोचाने वाढला की त्याच्याशी माझे स्वभावाचे नाते जुळले.

हे पैसे मी आधीच्या नोकरीत, एका भूमापन कचेरीत, साठवले होते. जानेवारीत ती नोकरी सोडून मी टॅगार्ट स्टीपल कंपनीत नकाशे काढायला लागलो. आमची कंपनी चर्चचे मनोरे बनवते. मनोरे फायबरग्लासचे असतात. ते ट्रकवर आडवे पडून निम्म्या केंटकीतून प्रवास करतात आणि पोहोचल्यावर क्रेनने उभे केले जातात. माणसांच्या बाबतीत हा क्रम उलटा असतो, असे मला नकाशे काढताना अनेकदा वाटते. असो. नवी नोकरी, नवी निवृत्ती योजना. तेव्हा जुने पैसे नव्या योजनेत आणावेत, सगळे एका छपराखाली असावे, एवढाच माझा बेत होता. दोन फॉर्म आणि एक सही.

पण जुनी योजना सांभाळणाऱ्या कंपनीची एक रीत होती. चेक नव्या योजनेच्या विश्वस्तांच्या नावाने काढायचा आणि पाठवायचा मात्र माणसाच्या घरी, म्हणजे त्याने तो स्वतः नेऊन द्यावा. चेकवर लिहिले होते: ‘विश्वस्त, टॅगार्ट स्टीपल कंपनी निवृत्ती योजना, लोवेल टॅकेट याच्या हितार्थ.’ मी त्या ‘हितार्थ’कडे बराच वेळ पाहत राहिलो. माझ्या हितार्थ आजवर जे जे केले गेले होते ते मला एकेक करून आठवू लागले.

मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. खाली घरमालकीण, इमोजीनबाई रिडल. वय एक्याऐंशी, कान तीक्ष्ण. शेजारच्या घरात कोच बर्डेट. त्यांनी सव्वीस वर्षे शाळेच्या पोरांना बास्केटबॉल शिकवला आणि आता दर वसंतात चर्चच्या तळघरात म्हाताऱ्यांची करपत्रके फुकट भरून देतात. जगातला कोणताही प्रश्न दोन गुणांनी जिंकता येतो असा त्यांचा विश्वास आहे. मी लिफाफा हातात घेऊन जिन्यावर उभा असतानाच दोघांनी मला कुंपणाच्या दोन बाजूंनी पाहिले.

“काय आलंय?” कोचनी विचारले.

“चेक. सोमवारी ऑफिसात द्यायचाय.”

“सोमवारी? आणि तोवर घरात ठेवणार? आग लागली तर?”

“माझ्या घराला आग का लागेल?” इमोजीनबाई म्हणाल्या. “मी अजून गॅस बंद करायला विसरत नाही.”

“बाई, मी तुमच्याबद्दल बोलत नाहीये. मी तत्त्वाबद्दल बोलतोय. पोरा, चेंडू हातात धरून उभा राहिलास की पंच शिटी मारतो. पास कर.”

“कोणाला?”

“बँकेला. फोन काढ, फोटो काढ, झालं. बारीकसारीक चेकसाठी आता बँकेत कोण जातं?”

अठरा हजारांचा चेक बारीकसारीक कसा, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. “पण यावर विश्वस्तांचं नाव आहे,” मी म्हणालो.

“तुझं आहे की नाही?”

“आहे. शेवटी.”

“मग? शेवटी तर सगळं तुझंच आहे.”

भित्र्या माणसाचा एक दोष असा की त्याला सर्वांत जास्त भीती सल्ला न मानण्याची वाटते. इमोजीनबाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी चेक ठेवला आणि फोटो काढला. फोन म्हणाला, पार्श्वभूमी गडद हवी. टेबलक्लॉथवर चेरीची चित्रे होती. बाई आत गेल्या आणि अंत्यविधींना घालायचा आपला काळा कोट घेऊन आल्या. त्या कोटावर माझे म्हातारपण पांढरेशुभ्र दिसले. फोनने ते तत्काळ स्वीकारले, आभार मानले आणि चेक नष्ट करावा अशी सूचना केली. मी आज्ञाधारकपणे त्याचे चार तुकडे केले. मग मला त्या तुकड्यांची दया आली आणि मी ते पाकिटात ठेवले.

सोमवारी मी व्हर्लीनबाईंकडे गेलो.

मिस व्हर्लीन मॉबली (आमच्याकडे लग्न झालेल्या बाईंनाही आदराने ‘मिस’च म्हणतात) आमच्या कंपनीत चाळीस वर्षे आहेत. पगार, रजा, प्रथमोपचाराची पेटी आणि निवृत्ती योजना ही चारही खाती त्यांच्याकडे. चौतीस माणसांच्या कारखान्यात त्या कोणाला घाबरत नाहीत आणि मालकांसह सगळे त्यांना थोडे थोडे घाबरतात. मी रॉथ आणतो आहे हे ऐकल्यावर मात्र त्यांच्या चेहऱ्यावर एक विलक्षण कोवळीक आली.

“आपल्या योजनेच्या नियमांत रॉथ आणता येतो असं दोन हजार अकरापासून लिहिलेलं आहे, हनी,” त्या म्हणाल्या. “तेरा वर्षांत कुणी आणला नाही. मी फोल्डरसुद्धा करून ठेवलाय.” त्यांनी खणातून फोल्डर काढला. त्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिले होते, ‘रोलओव्हर रॉथ’, म्हणजे दुसऱ्या योजनेतून इकडे वळवलेला. आत काहीच नव्हते. “बाहेरून आलेला रॉथ वेगळ्या कप्प्यात ठेवावा लागतो. इथल्या पगारातल्या पैशांत मिसळायचा नाही. कर न भरलेल्या पैशांत तर मुळीच नाही. तिथे पडला तर म्हातारपणी तुला त्याच पैशांवर पुन्हा कर भरावा लागेल. कळलं? मला तीन गोष्टी हव्यात. मुद्दल किती, वाढ किती, आणि पहिला डॉलर कोणत्या साली ठेवलास ते. दे चेक.”

“चेक मी जमा केला, मिस व्हर्लीन.”

“कुठे?”

“माझ्या खात्यात.”

त्यांनी चष्मा काढला. आमच्या कारखान्यात व्हर्लीनबाईंनी चष्मा काढला की लोक यंत्रे बंद करतात.

“तो तुझ्या नावाचा नव्हता, लोवेल.”

“शेवटी माझं नाव होतं.”

“माझ्या नवऱ्याच्या थडग्यावर शेवटी माझंही नाव कोरलंय. म्हणून मी तिथे जाऊन झोपत नाही.” त्यांनी रिकामा फोल्डर मिटला. “बघ. पैसे विश्वस्ताकडून विश्वस्ताकडे सरळ आले की मुद्दल, वाढ आणि साल, तिन्ही सोबत येतात. मध्ये तुझ्या हाताला लागले, तर तू ते खाल्लेस असं धरतात आणि साठ दिवस देतात. त्या साठ दिवसांतही तू आणून दिलेस, तर मला फक्त वाढ घेता येते. मुद्दल घेताच येत नाही.”

“आणि साल?”

“साल जातं. इथे पुन्हा एकपासून.”

ते साल माझ्या दृष्टीने किती मोलाचे होते ते सांगायला हवे. रॉथची वाढ बिनकराची व्हायची तर पहिल्या डॉलरपासून पाच वर्षे लोटावी लागतात, आणि पहिला डॉलर डिसेंबरात ठेवला तरी ते अख्खे वर्ष धरले जाते. मी पहिले एकेचाळीस डॉलर दोन हजार एकोणीसच्या सत्तावीस डिसेंबरला ठेवले होते. चार दिवसांत मी एक वर्ष कमावले होते. आयुष्यात धूर्तपणा असा मी तेवढाच केला. पाच वर्षे दोन हजार तेवीसच्या अखेरीस भरली, तेव्हा मी एकट्याने, कोणाला न सांगता, एक छोटा केक आणला होता.

एक मार्चपासून साठ दिवस म्हणजे तीस एप्रिल. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेभोवती पेन्सिलने एक वर्तुळ काढले. गडद काढण्याचे धाडस झाले नाही.

बँकेत व्यवस्थापिकेच्या टेबलापाशी मी अर्धा तास बसलो. त्या माझ्याच वयाच्या, अतिशय सौजन्यशील होत्या.

“म्हणजे हे पैसे तुमचे नाहीत?” त्यांनी विचारले.

“माझेच आहेत. पण माझ्यासाठी नाहीत.”

“मग कोणासाठी आहेत?”

“म्हाताऱ्या माझ्यासाठी.”

त्यांनी संगणकाकडे पाहिले, बहुधा अशा खातेदारासाठी एखादी खूण आहे का ते शोधायला. “पैसे परत घ्या म्हणून आजवर कोणी आलेलं नाही इथे,” त्या म्हणाल्या. “मूळ चेक आहे का?”

मी पाकिटातून चार तुकडे काढून टेबलावर जुळवून ठेवले.

“फाडलात?”

“तुमच्या ॲपनं सांगितलं.”

“सर, ॲपचं कोणी ऐकत नाही.”

चेक चुकीच्या खात्यात गेला म्हणून तो परत पाठवावा, असा अर्ज झाला. कामाचे दहा दिवस लागतील असे कळले. त्या दहा दिवसांत काय होईल ते कळले नाही, आणि माझी भीती नेहमी न कळलेल्या भागातच बिऱ्हाड करते.

बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये प्रार्थनेची सभा असते. तिथे ज्याला जे दुःख असेल ते तो उभे राहून सांगतो आणि सगळे मिळून त्याच्यासाठी प्रार्थना करतात. ज्यांना सांगायला संकोच वाटतो त्यांच्यासाठी आमच्या पूर्वजांनी एक सोय करून ठेवली आहे: नुसते ‘अव्यक्त’ म्हणायचे. देवाला कळते. चेकचे पुढे काय झाले ते मी इमोजीनबाईंना सांगितले नव्हते, पण रात्रीच्या माझ्या येरझाऱ्या त्यांना खाली ऐकू येत होत्या. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “माझा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, लोवेल. अव्यक्त.”

माझी अब्रू राखावी हाच त्यांचा हेतू होता. पण माणसे देवावर विसंबून राहत नाहीत, ती तर्कही करतात. आमच्याकडे दुःखाच्या घरी कॅसरोल, म्हणजे भट्टीत भाजलेले भांडेभर जेवण, पोहोचवतात. गुरुवारी संध्याकाळी माझ्या दारात बटाट्याचा कॅसरोल होता. शुक्रवारी घेवड्याचा आणि कोंबडीचा. रविवारपर्यंत सात झाले. प्रत्येक भांड्याच्या तळाशी चिकटपट्टीवर मालकिणीचे नाव, म्हणजे भांडे परत करायला जावे लागणार आणि प्रत्येक दारात थांबावे लागणार. मला अनोळखी दारे वाजवण्याची भीती वाटते. मी सात दारे वाजवली. प्रत्येक दारात एकेका बाईने माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि काहीच विचारले नाही. एखाद्याच्या दुःखाबद्दल काहीच न विचारणे किती भयंकर असू शकते, हे मी तेव्हा शिकलो. चौथ्या दारात माझे डोळे खरेच भरून आले. मला खरोखर काहीतरी झाले आहे असे वाटू लागले.

कारखान्यात रंगखात्यातले म्हातारे वेंडेल मला मनोऱ्याच्या पोकळीत बाजूला घेऊन गेले. आत आवाज घुमत होता, म्हणून ते कुजबुजले.

“माझाही एक ट्रक घोड्यांच्या शर्यतीत गेला होता. ब्याऐंशी साली. बायकोला आजही वाटतं चोरीला गेला.”

“मी शर्यतीवर लावत नाही, मिस्टर वेंडेल.”

“मीही तेव्हा असंच म्हणायचो,” ते म्हणाले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटले.

मालक मिस्टर हॉबर्ट टॅगार्ट यांनी मला बोलावून एक कार्ड दिले. त्यावर कर्मचाऱ्यांच्या मानसिक आधारासाठीचा फोन नंबर होता. “मी काही विचारत नाही,” ते म्हणाले. गावात कोणीच काही विचारत नव्हते.

बँकेने दहाव्या दिवशी पैसे परत पाठवले. माझ्या खात्यातून ती रक्कम नाहीशी झाली तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले. मग लगेच लक्षात आले की आता ती कुठेच नाही. मी जुनी योजना सांभाळणाऱ्या कंपनीला फोन केला. चाळीस मिनिटे बासरी वाजली. मग ब्रियाना नावाची एक मुलगी आली.

“आमच्याकडे चेक वटलेला दिसतोय, सर. अभिनंदन.”

“तो परत आलाय.”

“परत आलेला दिसत नाही.”

“बँकेनं पाठवला.”

“तसंही असेल. आम्हाला दिसायला पाच दिवस लागतात.”

“मग आत्ता माझे पैसे कुठे आहेत?”

“वाटेत,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरी सहानुभूती होती.

त्या आठवड्यात रस्त्याकडेची रेडबडची झाडे जांभळी झाली. दरवर्षी मी ती पाहायला मुद्दाम लांबच्या रस्त्याने जातो. या वर्षी त्या झाडांखालून जाताना मी दिवस मोजत होतो. फुले पानांच्या आधी येतात, उघड्या फांदीला चिकटून, जणू वाट पाहण्याची शक्ती त्यांच्यात नसते. मला त्यांचा हेवा वाटला नाही. कळवळा आला.

अकरा एप्रिलला नवा चेक आला, या वेळी सरळ व्हर्लीनबाईंच्या टेबलावर, कुरियरने, पत्रासह. त्यांनी मला बोलावले. फोल्डर उघडलेला होता.

“आला,” त्या म्हणाल्या. “मुद्दल पंधरा हजार नऊशे. वाढ दोन हजार पाचशे बारा डॉलर साठ सेंट. पहिले साल दोन हजार तेवीस.”

“एकोणीस,” मी म्हणालो.

“पत्रात तेवीस आहे.”

“चूक आहे, मिस व्हर्लीन. त्या कचेरीनं तेवीस साली योजना सांभाळणारी कंपनी बदलली होती. नव्या कंपनीनं पैसे घेतले आणि साल मागेच राहिलं असेल. त्यांचा जन्म तेवीसचा, म्हणून माझाही.”

“असेल चूक. पण ती पत्रातली चूक आहे. मी खोडून एकोणीस लिहिलं तर ती माझी चूक होईल.” त्यांनी चेक फोल्डरात ठेवला आणि फोल्डर लोखंडी कपाटात. “पत्र दुरुस्त होऊन येईपर्यंत मी कप्पा उघडणार नाही. एकदा तेवीस लिहिलं गेलं की आपल्या योजनेला जन्मभर तेवीसच आठवणार.”

“आणि साठ दिवस?”

“पैसे आता सरळ आलेत. ते साठ दिवस लागू होत नाहीत. बहुतेक.”

त्या शेवटच्या शब्दानंतर मी दोन दिवस नीट जेवलो नाही, आणि फ्रिजमध्ये कॅसरोल होते.

कोचना मी हे सांगितले तेव्हा त्यांना स्वतःच्या पहिल्या सल्ल्याची आठवणही नव्हती. “बचाव भक्कम ठेव,” ते म्हणाले. “पुरावा दे. पगाराची पावती आहे?”

माझ्याकडे पगाराच्या सगळ्या पावत्या आहेत. विजेची बिले, दातांच्या डॉक्टरांची बिले, पार्किंगच्या चिठ्ठ्याही आहेत. ज्या दिवशी कोणीतरी दार वाजवून ‘तुम्ही कोण’ असे विचारेल त्या दिवसासाठी मी त्या ठेवल्या आहेत. सत्तावीस डिसेंबरची पावती एका बुटांच्या खोक्यात मिळाली. एकेचाळीस डॉलर, रॉथ, पुसट पण स्पष्ट. मी ब्रियानाला फोन केला.

“फॅक्स करा, सर.”

“फोटो पाठवला तर?”

“फोटो आम्ही पुरावा मानत नाही.”

एका फोटोने माझी अशी अवस्था केली होती की मला हे ऐकून एक प्रकारचा आदर वाटला. पण फॅक्स यंत्र आणायचे कुठून? आमच्या कारखान्यातले बिघडून आठ वर्षे झाली होती. वाचनालयातले विकले गेले होते. गावात चालू फॅक्स एकच उरले होते, आणि ते अंत्यविधीगृहात होते.

मी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, टाय न लावता गेलो, म्हणजे कोणाचा गैरसमज होऊ नये. अंत्यविधीगृहाचे मिस्टर स्टॅनफिल यांनी दार उघडले, माझ्याकडे पाहिले आणि आवाज खाली आणला.

“कोण गेलं?”

“कोणी नाही. मला फॅक्स करायचाय.”

“या,” ते तितक्याच हळू म्हणाले. “घाई नको. आमच्याकडे कोणालाच घाई नसते.”

यंत्र शवपेट्यांच्या नमुन्यांच्या खोलीत होते. फॅक्स तीनदा अडकला. चौथ्यांदा जाईपर्यंत मी अक्रोडाच्या एका पेटीच्या कोपऱ्यावर हात टेकून उभा होतो आणि खिडकीबाहेर, रस्त्याच्या पलीकडे, बुधवारच्या प्रार्थनासभेतल्या दोन बायका आपल्या गाडीत बसून माझ्याकडे पाहत होत्या. त्यांनी हात हलवला नाही. मान लववली.

त्या संध्याकाळी दारात चार कॅसरोल होते आणि केळ्यांचे पुडिंग. पुडिंग आमच्याकडे शेवटच्या टप्प्यावर आणतात.

इमोजीनबाई जिन्याच्या पायथ्याशी उभ्या होत्या. “लोवेल,” त्या म्हणाल्या, “तू मला खरं सांग. किती दिवस?”

“अकरा,” मी म्हणालो, कारण त्या दिवशी एकोणीस तारीख होती. त्या कठड्याला धरून खाली बसल्या. त्यांना सगळे समजावून सांगायला मला एक तास लागला. शेवटी त्यांनी डोळे पुसले आणि विचारले, “म्हणजे तू मरत नाहीयेस?” नाही, मी म्हणालो. “मग या सगळ्यांचं खाल्लंस ते?” त्या वर आल्या नाहीत आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मी जिवंत असल्याबद्दल कोणी माझ्यावर रुसावे असा माझा तो पहिलाच अनुभव.

दुरुस्त पत्र तीस एप्रिलला सकाळी आले. साठावा दिवस. व्हर्लीनबाईंनी मला बोलावले नाही. मीच साडेआठपासून त्यांच्या दारात मनोऱ्याच्या नकाशाची गुंडाळी धरून उभा होतो. त्यांनी पत्र दोनदा वाचले, योजनेचे हिशेब ठेवणाऱ्या संस्थेला फोन केला, रांगेत थांबल्या, संगणकावर टंकले, पुन्हा वाचले, आणि पडदा माझ्याकडे वळवला.

टॅगार्ट स्टीपल कंपनीच्या योजनेत एक नवा कप्पा उघडला होता. रोलओव्हर रॉथ. मुद्दल १५,९००.००. वाढ २,५१२.६०. पहिले साल २०१९. सगळ्या कारखान्यात त्या कप्प्यात माझ्याशिवाय कोणी नव्हते. मी ते चार अंक पाहिले आणि, सांगायला संकोच वाटतो, एकेकावर हळूच बोट ठेवून पुन्हा मोजले. कोणीतरी, कुठेतरी, मी पहिले एकेचाळीस डॉलर केव्हा ठेवले हे यापुढे कायम लक्षात ठेवणार होते.

“झालं,” व्हर्लीनबाई म्हणाल्या. “आणि जुनं साल आधीचं असलं की इथल्या तुझ्या नव्या रॉथलाही तेच लागू होतं. दोन्हींना एकोणीस.”

“म्हणजे पाच वर्षं भरली.”

“भरली.”

“म्हणजे आता वाढीवर कर नाही.”

“नाही. साडेएकोणसाठ झाली की नाही.”

“कसली साडेएकोणसाठ?”

“वर्षं. तुझी.” त्यांनी माझ्याकडे पाहिले. “दोन अटी असतात, हनी. पाच वर्षं एक. आणि साडेएकोणसाठ वय दुसरी. तुझं वय किती?”

“सत्तावीस.”

साडेएकोणसाठ मला दोन हजार छप्पनच्या चौदा सप्टेंबरला पूर्ण होतात. त्या दिवशी गुरुवार आहे; मी नंतर मोजले.

“मग साल एकोणीस असलं काय आणि तेवीस असलं काय,” मी सावकाश म्हणालो, “छप्पनपर्यंत पाच वर्षं तशीही भरलीच असती.”

“भरलीच असती.”

“मिस व्हर्लीन, हे तुम्ही मला मार्चमध्ये का नाही सांगितलं?”

“तू विचारलं नाहीस. तू रोज येऊन एवढंच विचारायचास, साल बरोबर लिहिलं जाईल ना. साल बरोबर लिहायलाच हवं. ते कशासाठी, हे तुला माहीत असेल असं मला वाटलं.” मग त्यांचा आवाज थोडा मऊ झाला. माझा चेहरा पाहून झाला असावा. “आणि अगदीच वाया नाही गेलं. वयाच्या अटीला दोन अपवाद आहेत. अपंगत्व आलं, किंवा माणूस मेला, तर साडेएकोणसाठपर्यंत थांबावं लागत नाही. तेव्हा फक्त पाच वर्षंच बघतात. तेवीस लिहिलं असतं तर ती सत्तावीसच्या अखेरीपर्यंत भरली नसती. आता भरलीत.”

“म्हणजे मी येत्या साडेतीन वर्षांत मेलो, तर...”

“तर एका सेंटचा कर नाही,” त्या म्हणाल्या, आणि मला आनंदाची बातमी दिल्यासारख्या हसल्या. “अर्थात तुला नाही. तुझ्या वारसाला. बरी आठवण झाली. वारसाचा फॉर्म तू जानेवारीपासून भरलेला नाहीस.”

त्यांनी फॉर्म पुढे केला. नाव, नाते, जन्मतारीख. मी पेन घेतले. नावाच्या रेषेवर पेनाचे टोक टेकवले आणि ते तिथेच राहिले. शाईचा एक ठिपका हळूहळू मोठा होत गेला. ज्याच्यासाठी मी साठ दिवस एका सालामागे धावलो होतो, तो कोण, हे लिहायला अडीच इंचांची जागा होती आणि तेवढीही मला पुरून उरत होती.

“कोणाचं तरी लिही, हनी,” व्हर्लीनबाई म्हणाल्या. “नंतर बदलता येतं. लोक लग्नं करतात, भांडतात, बदलतात. रिकामं तेवढं ठेवू नकोस.”

“उद्या देतो,” मी म्हणालो.

“उद्या दे. घाई नाही. साडेतीन वर्षं आहेत.”

मी फॉर्मची घडी करून खिशात ठेवली आणि बाहेर आलो. आवारात टेनेसीला जाणारा अठ्ठेचाळीस फुटी मनोरा क्रेनला टांगून ट्रककडे चालवला होता. वेंडेल खालून हातवारे करत होते. माझे टेबल आवाराच्या पलीकडे आहे आणि जानेवारीपासून मी इतरांसारखाच सरळ मधून, क्रेनखालून जात असे.

त्या सकाळी मी भिंतीला धरून, लाकडाच्या ढिगाऱ्यामागून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून गेलो. आता रोज तसाच जातो. एकोणीस साल मी जिंकून आणले आहे. सत्तावीसच्या डिसेंबरपर्यंत त्याचा कोणालाही काही उपयोग होऊ नये, याची जबाबदारी आता माझ्यावर आहे.